माहेरच्या माणसाने दिलेलं कार्ड

पहिला फोन आला तेव्हा मी कचेरीत डबा उघडून बसले होते. पलीकडची पोरगी हिंदीत बोलत होती आणि भल्ली गोड बोलत होती. "मॅडम, आपके क्रेडिट कार्ड का पेमेंट बाकी है. आज कर देंगे क्या?"

मी म्हटलं, "बाई, माझं कार्ड सुरूच नाही. मी सुरूच केलं नाही ते. बाकी कशाची?"

तिने माझं नाव सांगितलं, जन्मतारीख सांगितली, माझ्या आईचं नावसुद्धा सांगितलं. आई जाऊन कितीतरी वर्षं झाली. तिचं नाव आता घरातही कोणी घेत नाही, आणि ही कुठली कोण पोरगी थकबाकी मागताना ते खुशाल घेत होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी फोन कापला आणि डबा तसाच बंद केला.

मला राग लवकर येतो हे मी लपवत नाही. साकोलीच्या ज्या सरकारी कचेरीत मी आवक-जावकच्या टेबलावर बसते, तिथे मला पाठीमागे 'मिरची' म्हणतात आणि मला ते माहीत आहे. म्हणोत. आमच्याकडे मिरचीला कोणी वाईट म्हणत नाही, तिच्याशिवाय घास उतरत नाही. शिवाय मी उगाच चिडत नाही. न जेवलेल्या जेवणाचे पैसे कोणी मागायला आला तर चिडायचं नाही तर काय त्याला ओवाळायचं?

ते कार्ड आमच्या लोखंडी कपाटात साड्यांच्या खाली पडलं होतं. ज्या पाकिटातून आलं त्याच पाकिटात, ज्या जाड कागदाला चिकटून आलं त्याच कागदाला चिकटलेलं. मी त्याला नखही लावलं नव्हतं. त्याचा चार आकडी गुप्त नंबर मला माहीत नव्हता, कारण मी तो कधी बनवलाच नव्हता. आणि तरी त्याचं बिल येत होतं.

कार्ड आलं कसं ते आधी सांगते, नाहीतर माझा राग नेमका कुठे दुखतो ते कळणार नाही.

माझं माहेर करडी. आईबापाला मी एकटीच. वडील गेले, मागोमाग आई गेली, घर विकलं. भाऊ नसलेल्या बाईचं माहेर आईसोबतच जातं म्हणतात. माझं नाही गेलं, कारण आमच्या घराला भिंतीला भिंत लागून एक घर होतं. त्या घरात काकी आणि तिचा मुलगा. नात्याने कोणी नव्हेत, शेजारी. मुलगा माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान. लहानपणी तो माझ्याच कडेवर असायचा आणि माझ्याच पोलक्यावर नाक पुसायचा.

आमच्या भागात दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. भाऊबीजेनंतर आज या गावची, उद्या त्या गावची. दंडारीचे खेळ, नाटक, जिलेबीची दुकानं, बांगड्यांची दुकानं, आणि गावच्या सगळ्या लेकी माहेरी. पण लेकीने मंडईला आपणहून यायचं नसतं. तिला न्यायला माहेरहून कोणीतरी यावं लागतं. मग ती सासरच्या दारातून ताठ मानेने निघते. आई गेली त्या वर्षी करडीच्या मंडईच्या दिवशी मी दार लोटून घरात बसले होते. आणि दारापुढे मोटरसायकल थांबली. हाच. कानाला गमछा बांधलेला. "चाल ताई, मायनं बलावलं. मंडई हाये ना."

त्या दिवशी मी जेवढी रडले तेवढी आई गेली तेव्हाही रडले नव्हते. तेव्हापासून तो दर वर्षी यायचा. करडीहून साकोली काही जवळ नाही, पण कधी चुकला नाही. तिथे गेलं की काकी मला जेवू घालायची, माझी ओटी भरायची. माझं माहेर म्हणजे एवढंच, न्यायला येणारा तो आणि ओटी भरणारी काकी. एवढंच होतं, पण होतं.

तो वरठीच्या कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला होता. ठेका तुटला आणि तो घरी बसला. मग एके दिवशी कचेरीत माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. पायात बूट, गळ्यात बँकेचा पट्टा, खांद्याला बॅग. मला आधी हसूच आलं. म्हटलं, "अरे वा! सायेब झाला तू त!"

तोही हसला. मग म्हणाला, "ताई, तुले एक कार्ड काढून देतो. तुह्यासारख्या पगारदार बाईले त एका सहीवर भेटते."

"मले कायले पाह्यजे रे कार्ड? मी उधारीचं मीठ नाही आणलं कधी."

"वापरू नको ना. कोण म्हणते वापर? येईल ते कपाटात टाकून ठेव. सुरू नाही केलं त काहीच लागत नाही. मले फक्त एक केस भेटते, एक कार्ड माह्या हिशोबात लागते. टार्गेट हाये ताई, नाही झालं त ठेवत नाही हे लोक."

मी दिवसभर लोकांचे अर्ज तपासते. सही नसली की परत, जोडपत्र नसलं की परत, आणि कोणी गयावया केली तरी ऐकत नाही. पण त्या दिवशी मी तो कागद वाचला नाही. माझ्या माहेरचा माणूस समोर उभा होता, त्याने बोट ठेवलं तिथे मी सही केली. वर त्याला चहा पाजला. तो गेल्यावर बाजूच्या टेबलावरच्या बाईला म्हटलं, "माझा भाऊ आहे."

तर असं ते कार्ड.

पहिल्या फोननंतर फोनांची रांगच लागली. सकाळी पोळ्या लाटताना फोन, एस.टी.त फोन, साहेबासमोर फाईल घेऊन उभी असताना फोन. दर वेळी नवा माणूस, आणि दर वेळी मी पहिल्यापासून सांगायचं की कार्ड सुरू केलेलं नाही. गोड बोलणारी पोरगी पुन्हा कधी आली नाही. तिच्या जागी पुरुष यायला लागले. एक जण म्हणाला, "मॅडम, पढेलिखे होके ऐसा करते हो?" मी त्याला असं काही ऐकवलं की बाजूच्या टेबलावरचा माणूस उठून पाणी प्यायला गेला. दुसऱ्या दिवशी त्याच नंबरावरून पुन्हा फोन. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

घरी आमच्या ह्यांना मजा वाटत होती. ह्यांचं खत-बियाण्यांचं दुकान आहे, दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलून जीभ सैल झालेली. म्हणाले, "भाऊबीजेची ओवाळणी भल्ली महाग पडली व तुले! भीड भिकेची बहीण, ते काही खोटं नाही."

मी म्हटलं, "तुमच्या बहिणीचा दीर दोन वर्षांपासून खत उधार नेऊन राह्यला. तेव्हा कुठं जाते ही म्हण?"

ते खाली मान घालून जेवायला लागले.

मी बँकेच्या शाखेत गेले. कार्ड पाकिटासकट नेलं. तिथला साहेब तरुण होता. त्याने पाकीट हातात न घेताच सांगितलं, "मॅडम, कार्डाचा विभाग वेगळा आहे. आमचा त्याच्याशी संबंध नाही."

"त्याच्यावर नाव तुमचंच आहे ना?"

"नाव आमचंच आहे. पण कंपनी वेगळी आहे."

"वा रे वा! पैसे घ्यायला एक घर आणि भांडायला दुसरं. माझी सही तर तुमच्याच माणसाने माझ्या टेबलावर येऊन नेली."

"तो आमचा माणूस नाही, मॅडम. तो एजन्सीचा." असं म्हणून त्याने हात झटकले आणि मला एका कागदाच्या कपट्यावर फोन नंबर लिहून दिला.

तो नंबर लावला. इंग्रजीसाठी एक दाबा, हिंदीसाठी दोन दाबा, मराठीसाठी अमुक दाबा. दाबत गेले. मग गाणं. मग 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.' मग परत गाणं. शेवटी एक माणूस आला. शुद्ध मराठी बोलणारा, शांत, प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'मॅम'. आरडाओरडा करणाऱ्याशी भांडता येतं, ह्या असल्या थंड माणसाशी कसं भांडावं ते कळत नाही.

"कार्ड इश्यू झालं की वार्षिक शुल्क लागू होतं, मॅम. ॲक्टिव्हेशनशी त्याचा संबंध नाही."

"मग ते सुरू कशासाठी करायचं असतं?"

"वापरण्यासाठी, मॅम."

"आणि नाही वापरलं तर?"

"तरीही शुल्क असतं, मॅम."

"ते नाही भरलं तर?"

"विलंब शुल्क."

"आणि त्याच्यावर व्याज."

"बरोबर, मॅम." मला समजलं याचा त्याला आनंद झालेला दिसला.

म्हणजे मी एस.टी.त चढलेच नाही, आणि कंडक्टर घरी येऊन तिकिटाचे पैसे मागतो, आणि उशिरा दिले म्हणून दंडही मागतो. खाया पिया कुछ नहीं, गिलास तोडा बारा आना. आणि इथे तर मी गिलासाला हातही लावला नव्हता. मी त्याला हे सगळं जसंच्या तसं ऐकवलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्हाला एजंटने चुकीची माहिती दिली होती का, मॅम?"

"दिली होतीच! त्याने स्पष्ट सांगितलं होतं, सुरू केलं नाही तर काही लागत नाही."

"मग प्रश्नच मिटला. त्यांचं नाव सांगा. मी तक्रार नोंदवतो. त्यांच्यावर कारवाई होईल आणि तुमची सगळी रक्कम माफ होईल."

"कारवाई म्हणजे काय?"

"त्यांना कामावरून कमी करण्यात येईल, मॅम." तांदळातला खडा काढून टाकावा तसं तो बोलला.

नाव माझ्या जिभेवर होतं. एक शब्द बोलले असते तर त्याच क्षणी सुटले असते. मी म्हटलं, "तक्रार तुमच्या बँकेवर लिहा. माणसावर नाही."

"नावाशिवाय तक्रार पुढे जात नाही, मॅम. सिस्टिममध्ये ती जागा रिकामी ठेवता येत नाही."

म्हणजे एक तर पैसे द्या नाहीतर माणूस द्या. आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी फोन ठेवला आणि इतका वेळ नुसती बसून राहिले की ह्यांनी येऊन विचारलं, चहा तरी भेटेल का.

मी त्याला फोन लावला. उचलला नाही. संध्याकाळी लावला, दुसऱ्या दिवशी लावला. रिंग जायची, जायची आणि बंद व्हायची. मंडई आली की आधीच्या दिवसापासून 'ताई, तयार राह्यजो' म्हणून फोन करणारा माणूस माझा नंबर बघून फोन बाजूला ठेवत होता. कार्डाचा राग होता तो होताच, पण हा राग त्याच्यापेक्षा मोठा निघाला.

रविवारी मी एस.टी. धरून भंडाऱ्याला गेले आणि तिथून दुसऱ्या गाडीने करडीला. दिवाळीला अवकाश होता. हलकं, लवकर येणारं धान पिकायला आलं होतं, भारी धान अजून हिरवं उभं होतं. आई गेल्यापासून करडीला मी अशी आपणहून पहिल्यांदाच जात होते. वाटभर मनात भांडणच घोकत होते.

काकी अंगणात बसली होती. मला पाहून तिने पाय धुवायला पाण्याचा लोटा आणून दिला. "अव माय! मंडई त अजून दूर हाये. आताच कशी आली व?" मी लोटा तसाच खाली ठेवला. तो सपरीत, पुढच्या पडवीत, खाटेवर बसला होता. बूट नाही, पट्टा नाही, जुनी बनियान.

"फोन काहून नाही उचलत रे? मेला का तू?"

"ताई..."

"कायची ताई! कार्ड देताना ताई, अन् फोन आला का कोण ती? मले रोज चोरासारखं बोलून राह्यले लोक! कचेरीत, बसमध्ये, सगळ्याइच्या समोर! तू काय सांगतलं होतं? सुरू नाही केलं त काही लागत नाही. सांगतलं होतं का नाही?"

"सांगतलं होतं," तो खाली बघून म्हणाला. "मले बी तसंच सांगतलं त्याइनं, ताई. माह्या बी नावावर एक कार्ड हाये. पह्यले आमचंच काढलं. मले बी फोन येतेत. म्हणून मी कोणाचाच फोन उचलत नाही."

भांडायला आलेल्या माणसाला समोरून असं काही ऐकू आलं की फार वाईट अवस्था होते. राग तर तसाच असतो, पण तो ठेवायचा कुठे?

"अजून कोणाकोणाले देलं?" मी विचारलं.

काकी दारातून म्हणाली, "कोणाले नाही देलं ते विचार. गावच्या जेवढ्या पोरी पगारावर हायेत तेवढ्याइले देलं. लाखनीची नर्स, भंडाऱ्याची मास्तरीण, वरठीले देली ते. सगळ्याइच्या घरी जाऊन चहा पेऊन आला हा."

"काहून?" मी म्हटलं. "दुकानदार नव्हते? सायेब लोक नव्हते? माहेरच्या पोरीच दिसल्या तुले?"

तेव्हा त्याने सांगितलं. कामाला लागताना त्यांना नागपूरला नेलं होतं. तिथे एका साहेबाने शिकवलं. "त्यानं पह्यलाच प्रश्न विचारला, ताई. म्हणे, असे लोक आठवा का जे तुम्हाले नाही म्हणू शकत नाहीत. त्याइचे नावं काढा. तिथून सुरुवात करा. अन् मले तुह्यंच नाव आठवलं पह्यलं."

मी चिडकी आहे, पण माझा असा राग मी स्वतःही त्याआधी पाहिला नव्हता. माझ्या पगारावर त्यांचा डोळा होता हे मला समजतं, बँकवाल्यांना दुसरं काय दिसणार. पण माझं माहेर? आई गेल्यावर मी दार लोटून बसले होते आणि हा मला न्यायला आला, म्हणून मी ह्याला नाही म्हणू शकत नाही, ही आमच्या दोघांच्या घरची गोष्ट होती. ती मी ह्यांनाही कधी बोलून दाखवली नाही. आणि त्या साहेबाने मला न बघता, करडी कुठे आहे ते न विचारता, नेमका तिथेच हात घातला. अरे, मागायचं तर माझ्याकडे सरळ मागा ना! माझ्या भावाला कशाला पुढे करता?

"ताई, तू माह्यं नाव देऊन टाक," तो म्हणाला. "एजंटचं नाव देलं का माफ करतेत, मले माहीत हाये. तुह्यं माफ होऊन जाईल."

काकीही म्हणाली, "देऊन टाक व. चुकला त चुकला." पण तिने माझ्याकडे पाहिलं नाही, पदराने उगाच लोटा पुसत राहिली.

"मी नाव देणार नाही," मी म्हटलं. "पण तू फोन उचलत जा." आणि जेवणाचा आग्रह चालू असताना तशीच उपाशी परत निघाले. रागात मला भूक लागत नाही.

मी पैसे भरले. हो, भरले. शुल्क, विलंब शुल्क, त्यावरचं व्याज, सगळं. भरताना मला माहीत होतं की मी चोराच्या हातात पैसे ठेवते आहे आणि वर त्याला नमस्कार करते आहे. हे म्हणाले, "अव, नाव सांगून टाकलं असतं त एक रुपया नसता गेला."

"अन् मग मंडईले मले तुम्ही न्याल का?"

त्यानंतर त्यांनी त्या कार्डावरून कधी चेष्टा केली नाही.

कार्ड बंद करायलाही फोन करावा लागला. तिथे एका बाईने विचारलं, "आमची सेवा कशी वाटली?" मी सांगितलं. ती मध्ये एकदा 'मॅम, प्लीज' म्हणाली, पण मी पुरतं सांगून झाल्यावरच थांबले. मग सुपारीच्या अडकित्त्याने त्या कार्डाचे तुकडे केले.

दिवाळी आली, गेली. करडीच्या मंडईच्या दिवशी मी रजा टाकली. सकाळी आंघोळ करून चांगली साडी नेसले, काकीसाठी चिवडा आणि लुगडं पिशवीत भरलं आणि बसले. त्याचा आदल्या दिवशी फोन आला नव्हता. म्हटलं, लाजत असेल, येईल. हायवेवरून मोटरसायकली जात होत्या. आमच्या गल्लीकडे एक वळली, ती समोरच्यांकडे दुधाचे पैसे द्यायला आलेल्या माणसाची. दुपार झाली. हे म्हणाले, "मी सोडून देतो."

"सोडून द्याले मी काय पोतं हाये?" मी म्हटलं, आणि पिशवी उचलून बस स्टँडवर गेले. रडू येत होतं की राग, मला सांगता येणार नाही. माझ्या बाबतीत दोन्ही एकाच वेळी येतात.

करडीला पोहोचले तर दंडारीचा ढोल वाजत होता, जिलेबीच्या दुकानापुढे गर्दी होती, आणि गावच्या लेकी नव्या साड्यांत हिंडत होत्या. एरवी मंडईत लेकी घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांच्या पाया पडतात. काकीचं अंगण रिकामं होतं. तिने सकाळीच सारवून ठेवलं होतं आणि त्यावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.

"कोणीच नाही आली व," काकी म्हणाली. "दारावरून गेल्या, तोंड फिरवून गेल्या. तूच आली." मग पाण्याचा लोटा माझ्या हातात देत हळूच म्हणाली, "त्याचं काम गेलं. कोणीतरी नाव देलं त्याचं."

मी पाय न धुताच मागच्या दारी गेले. तो गोठ्यात बैलाला धानाचं तणस टाकत होता. मला पाहूनही हात थांबवला नाही.

"न्याले काहून नाही आला?"

"नाव देलं तू," तो म्हणाला, "अन् मी न्याले येऊ?"

क्षणभर मला त्याचं बोलणं कळलंच नाही. मग कळलं. "मी? मी नाव देलं?"

"मंग कोण, ताई? एवढी चिडून तूच आली होती घरी. बाकीच्याइनं त एक फोन बी नाही केला."

माझा हात पिशवीत गेला. मोबाईल त्यातच होता. पैसे भरल्याचा मेसेज त्यात होता, तारखेसकट, रकमेसकट. माफी ज्याला मिळते तो पैसे भरत नाही, एवढं त्यालाही कळलं असतं. एक बोट फिरवायचं काम होतं. पण एवढे महिने मी हेच करत होते. ह्या फोनवाल्याला, त्या साहेबाला, त्या 'मॅम' म्हणणाऱ्याला मी खोटी नाही हे सिद्ध करून दाखवत होते. आता ह्यालाही दाखवू? ज्याला कडेवर घेऊन फिरवलं त्याला पावती दाखवू? मी हात पिशवीतून रिकामाच बाहेर काढला.

"ऐक," मी म्हटलं, आणि माझा आवाज इतका चढला की काकी धावत मागच्या दारात आली. "परक्या घरी कोणी दोन-दोन एस.टी. बदलून भांडाले जाते का रे? ज्याइनं तुह्यं नाव देलं त्याइनं घरी बसून देलं, चहा पेता पेता देलं, अन् तुह्याशी भांडल्या नाहीत, कारण तू त्याइचा कोणी नव्हता. मी भांडली, कारण मले दुसरं माहेर नाही. अन् तुले भांडलेलीच बाई चोर दिसली!"

तो तणसाची पेंढी हातात धरून उभा राहिला. काकीने मला आत नेलं, पाटावर बसवलं, माझी ओटी भरली. तांदूळ माझ्या पदरात टाकताना ती रडत होती आणि मी तिला 'रडू नको' म्हटलं नाही. तो आत आला नाही. मी अंधार पडायच्या आधीच्या गाडीने परत आले.

तो मेसेज अजून माझ्या मोबाईलमध्ये आहे. मी तो त्याला दाखवला नाही आणि दाखवणारही नाही. वर्ष होत आलं. काकीचा परवा फोन आला होता, यंदाची मंडई जवळ आली म्हणून. म्हणाली, तो विचारून राह्यला, ताईले न्याले जाऊ का. मी म्हटलं, "काकी, त्याले एकच विचार. मी नाव देलं नाही हे त्याले आता आपल्याच मनानं पटलं का, का कोणी सांगतलं? कोणी सांगतलं म्हणून येत असन त नको येऊ म्हणा."